कालव्याच्या गोष्टीचं संगीत

कर्वेनगरातल्या आमच्या फ्लॅटची मागची बाल्कनी बंद करून मी तिथे टेबल, कीबोर्ड, माइक आणि एक जुना लॅपटॉप मांडला, त्याला बरीच वर्षं झाली. दिवसभर आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायचे आणि संध्याकाळी तिथे बसून संगीत करायचं. ते कुणी मागितलेलं नसे आणि मी कुणाला ऐकवतही नसे. दुसरा नाद वाचनाचा, तोही एकाच जातीच्या पुस्तकांचा. आजच्याच शहरात, सिग्नल आणि वीजबिलं असलेल्या शहरात, कुठेतरी जादू लपलेली असते अशा इंग्रजी कादंबऱ्या. बायको म्हणायची, "चाळिशी ओलांडलीस, आता तरी माणसांबद्दल वाच."

ताईंची ओळख त्या पुस्तकांमुळेच झाली. जवळच्या वाचनालयातला एका मालिकेचा तिसरा भाग महिनाभर बाहेर होता आणि मी सारखी चौकशी करत होतो. एका शनिवारी साठी उलटलेल्या एक बाई तो भाग घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"भुणभुण करणारे तुम्हीच का? घ्या. शेवट बरा आहे, मधली शंभर पानं उगाच आहेत."

त्या आमच्याच सोसायटीत, समोरच्या इमारतीत एकट्या राहत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या. मी 'काकू' म्हटलं तर म्हणाल्या, "मी कुणाचीच काकू नाही. ताई म्हणा."

मग पुस्तकांची देवाणघेवाण सुरू झाली. कधी रविवारी सकाळी माझ्या स्कूटरवरून आम्ही खडकवासल्याच्या बाजूला कालव्याकाठी फिरायला जायचो. तिथे एकदा त्या म्हणाल्या, "सगळी जादू परदेशातच का? आमचा कालवा काय वाईट आहे?" आणि त्यांनी गोष्ट लिहायला घेतली, वहीत, हातानं. एक कालवा निरीक्षक बाई असते. शहरातले लोक जे बोलायचं राहून जातं ते सगळं कालव्याच्या पाण्यात उतरतं, आणि ही पाणी सोडायच्या प्रत्येक दारापाशी थांबून ते ऐकते. दर आठवड्याला त्या मला चार-पाच पानं वाचून दाखवत. मला ती गोष्ट फार आवडली होती. मी आपण होऊन म्हणालो, "याला मी संगीत करतो."

त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "करा. मी वाट बघीन."

मी कालव्याच्या दारांचा आवाज रेकॉर्ड केला, पाण्याचा केला, त्यावर संथ सूर बसवले. तीन महिन्यांत सहा मिनिटांचा एक तुकडा उभा राहिला. खरं तर तेव्हाच तो ऐकवण्यासारखा होता. पण मला त्यातला एक सूर खुपत होता. तो काढला, तर पुढचा पोकळ वाटायला लागला. असं करत दोन वर्षं गेली.

"झालं का?" त्या विचारायच्या.

"मिक्सिंग राहिलंय."

"लोणचं घातलंय का ते, मुरायला ठेवलंय?"

मी हसायचो. त्याच दोन वर्षांत त्या मोठ्यानं बोलायला लागल्या होत्या. चालताना नेहमी माझ्या उजव्या बाजूला यायच्या. मी काही म्हटलं की "काय?" असं जरा तुटकपणे विचारायच्या. हे सगळं मला दिसत होतं. मी ते त्यांच्या स्वभावात जमा केलं. आवाजांशी खेळणारा माणूस मी, पण समोरच्या माणसाला ऐकू येत नाहीये हे माझ्या ध्यानात आलं नाही.

एका दुपारी त्या आमच्या दारात आल्या. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत. "जसं आहे तसं ऐकवा. कच्चं चालेल मला."

"ताई, पुढच्या रविवारी नक्की. एवढा शेवट बदलतो."

त्यांनी मान हलवली आणि जिना उतरल्या. तो रविवार आलाच नाही, म्हणजे मीच येऊ दिला नाही. ऑफिसात काम होतं, आणि शेवट अजून मनासारखा नव्हता.

अखेर पाचेक महिन्यांनी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या दोन्ही कानांत ऐकायची मशीनं होती. मी काही विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, "बोलणं कळतं यातून. लावा तुमचं."

सहा मिनिटं त्या डोळे मिटून बसल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. शेवटी डोळे उघडून त्या म्हणाल्या, "पत्र्यावर खडे पडल्यासारखं येतंय. तुमचं चुकलेलं नाही. मशीनमधून गाणं असंच येतं. रेडिओसुद्धा बंद केला मी."

मी विचारलं, "मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दयेपोटी धावत आला असता. मला ते नको होतं. ऐकवावंसं तुम्हाला वाटायला हवं होतं."

मग त्या म्हणाल्या, "आता सांगा त्यात काय आहे ते." मी सांगायला लागलो. आधी पाणी येतं, मग खालून एक सूर वर येतो, दार उघडल्यावर तो पसरतो. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, दोन वर्षं मी जे बदलत बसलो होतो, त्यातलं काहीच सांगण्यात येत नव्हतं. मी सांगत होतो ते सगळं पहिल्या तीन महिन्यांतच तयार होतं.

"वाईट सांगता तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या.

त्यांनी गोष्ट पूर्ण केली नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाल्या, "त्या बाईला काय ऐकू येतं ते आता मला लिहिता येत नाही." वही कुठे आहे ते मी विचारलं नाही. आम्ही अजून पुस्तकं बदलतो. वाचनालयात मी त्यांच्या समोर उभा राहून, ओठ दिसतील असं, सावकाश बोलतो. संगीताबद्दल त्या विचारत नाहीत. मीही त्यांच्यापुढे तो विषय काढत नाही.