आत्याची सुरगाठ

आत्या गेल्याचा फोन इंदापूरला, माझ्या सासरी, शेजारच्यांकडे आला. पलीकडून अण्णा, माझे वडील, बोलत होते. "आक्का गेली," म्हणाले आणि लगेच, "गाय दारात मोकळीच उभी हाय." त्या गायीवरून हे बहीणभाऊ वर्षानुवर्षं भांडत आले होते.

आत्या विधवा, मूलबाळ नाही. पिंपळीला आमच्याच वस्तीवर राहायची. चांदी नावाची गाय हाच तिचा संसार. एका गणपतीत मंडळानं व्हिडिओवर परदेशी लढाईचा सिनेमा लावला. भाषा कुणालाच कळेना. पडद्यावर हिरवंगार गाव, अंगणात कोंबड्या, दोरीवर धुणं टाकणारी बाई. लढाई कधी सुरू होणार म्हणून पोरं वैतागली. मग सैनिक आले, गाव पेटलं आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. आत्याला दिसली फक्त गोठ्यात बांधलेली गाय. आत्या उठून थेट पडद्यापुढं गेली आणि त्या बाईवर ओरडली, "अगं, दावं सोड की तिचं!" सगळे पोट धरधरून हसले.

घरी येऊन तिनं चांदीच्या दाव्याची निरगाठ सोडली आणि सुरगाठ मारली, एका हिसक्यात सुटणारी. अण्णांनी समजावलं, इथं ऊस आणि कारखान्याचे ट्रॅक्टर, आपल्याकडं कुठली आलीय लढाई? आत्या म्हणाली, "त्या गावाला तरी कुठं ठावं हुतं?"

सिनेमातल्या बंदुका मी कधीच विसरले, पण दोरीवर साडी टाकताना अजूनही माझी नजर रस्त्याकडं जाते.

चांदी मोठी बेरकी. ती गाठ ओढायला शिकली आणि लोकांच्या मक्यात शिरू लागली. रोज कुणीतरी दारात भांडायला. शेवटी अण्णांनी बाजारातून लोखंडी साखळी आणली. "आधी मला बांध," आत्या म्हणाली. साखळी खुंटीवरच राहिली. बारामतीपलीकडं न गेलेली ही बाई, सातासमुद्रापारच्या एका गायीचा घोर मरेपर्यंत वाहत राहिली... केवढं हे काळीज! मला तर अजून ते पेलत नाही.

परवा पिंपळीला गेले. आता साखळी लागली असणार, असंच मनात होतं. गोठ्यात अण्णा चांदीला बांधत होते. साखळी खुंटीवरच, गंजलेली. त्यांनी दाव्याला सुरगाठ मारली, आत्या करायची तसंच टोक धरून एकदा ओढून पाहिलं. गाठ सुटली. मग त्यांनी ती पुन्हा बांधली.