गप झालेला मेंढा

आबा बांधाआड आडवे पडून लघवी करतात, हे मला चुलतीनं फोनवर सांगितलं. सांगताना ती हसत होती. "म्हातारं पार ल्हान झालंया बग," म्हणाली. मी सांगलीजवळच्या शाळेत चौथीच्या वर्गावर होते. मला हसू आलं नाही. माझे वडील माणसांपेक्षा मेंढरांत जास्त राहिलेले आणि लाजाळू. असा माणूस उगाच जमिनीवर आडवा होत नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी दहिवडीची एसटी धरली. गावाबाहेर आमची मेंढरं बसतात तिथे पोचले, तर आबा कोकरं मोजत होते.

"तू कशाला आलीस?"

"तुमाला बघायला."

"मला काय धाड भरलीया?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बांधाकडे निघाले तशी मी लांबून बघत राहिले. ते उभे राहिले, बराच वेळ थांबले. थोडी धार आली आणि मध्येच तुटली. त्यांनी पोट दाबलं, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच डाव्या कुशीवर झोपले. मुलीनं बघायची ही गोष्ट नव्हे. मी बघितली, आणि लाजेपेक्षा भीतीच जास्त वाटली. कारण असं ताटकळणं मी आधी एकदा पाहिलं होतं.

तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आमच्या कळपातला सगळ्यात देखणा मेंढा एके दिवशी पाय फाकून उभा राहिला तो हलेचना. शेपूट थरथरत होतं, खाली थेंब थेंब पडत होता. आबा म्हणाले, "मूत तटलंया. खडा धरलाय." खडा पुष्कळदा लघवीच्या वाटेच्या अगदी टोकाला अडकतो, म्हणून त्यांनी लोकर कातरायच्या कातरीनं ते टोक छाटलं. मी मेंढ्याचं डोकं मांडीत धरून बसले होते. दोन थेंब आले, पुढे काही नाही. दिवसभर तो दात खात होता, कण्हत होता. मग ऊन कलताना एकदम गप झाला आणि पाय मुडपून खाली बसला. मी टाळ्या वाजवत धावले, "आबा, सुटला! गप झाला!"

आबांनी माझ्याकडं बघितलं. "गप झाला म्हंजे पिशवी फुटली, बाय. आता दुखायचं बी न्हाई आन् जगायचं बी न्हाई."

दुसऱ्या दिवशी तो गेला. तेव्हापासून दुखणं ओरडत असेल तर मी फारशी घाबरत नाही. गप झालं की मात्र घाबरते.

आबा सांगलीला यायला तयार होईनात. "खड्यावर हुलग्याचं पानी पितोय की," म्हणाले. मुंबईहून भावानं पानफुटीच्या पानाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, रोज दोन पानं. तिकडे बसून डॉक्टरकी करायला काय जातं! पण मी तरी कुठे शहाणी? शिकवायची खोड जात नाही. भरपूर पाणी प्यालं की खडा वाहून जातो, एवढं मला ठाऊक होतं, म्हणून आबा शेवटी कसेबसे तयार झाल्यावर निघताना मी त्यांना दोन तांबे पाणी पाजलं आणि एसटीत बाटली हातात दिली. आधीच वाट अडलेल्या माणसाला मी वरून पाणी ओतत होते. हे आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

मायणी सोडल्यावर ते चुळबुळू लागले. विट्याच्या स्टँडवर मुतारीत गेले ते किती तरी वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा सदरा घामानं भिजला होता. "थेंब न्हाई," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, इथंच उतरू, इथं दवाखाने आहेत. त्यांनी ऐकलं नाही. तासगाव येईपर्यंत ते समोरच्या सीटचा दांडा धरून कण्हत होते. प्रत्येक खड्ड्याला त्यांचे डोळे मिटायचे. मी मनातल्या मनात किलोमीटर मोजत होते.

तासगाव मागे पडलं आणि आबा गप झाले.

त्यांनी डोळे मिटले होते आणि मान खिडकीला टेकवली होती. मी दंड हलवला. "आबा, दुखतंय का?" मी पुन्हा हलवला. "आवं आबा, बोला की! दुखतंय न्हवं?"

त्यांनी एक डोळा उघडला. अगदी हळू म्हणाले, "मागं कालेजच्या पोरी बसल्यात. त्यांच्यासमोर कण्हू व्हय?"

"कण्हा," मी म्हटलं. "मोठ्यानं कण्हा."

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग माझ्या समाधानासाठी असेल, पण बारीकसे कण्हले. वडिलांनी कण्हावं म्हणून हट्ट धरणारी जगात मी एकटीच असेन.

सांगलीच्या दवाखान्यात आधी नळी घातली. नळीची पिशवी भरली, ती रिकामी केली, पुन्हा भरत आली. सोनोग्राफीत मूत्राशयात सुपारीएवढा खडा दिसला. डॉक्टर तरुण होते, पण सांगायची घाई नव्हती त्यांना. म्हणाले, "प्रोस्टेटची गाठ वाढलीय, त्यामुळं लघवीची पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. साचलेल्या लघवीत खडा धरतो. तो मध्येच तोंडाशी येऊन बसतो, म्हणून धार तुटते. कुशीवर झोपलं की बाजूला सरकतो. आपण लघवीच्या वाटेनंच बारीक दुर्बीण आत घालू, लेझरनं खड्याचा चुरा करू आणि धुऊन काढू. गाठही त्याच वाटेनं आतून खरवडू."

आबांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "कातर केवडी असती?"

डॉक्टरांना कळेना. मला कळलं. खरं तर मी बाहेर जायला हवं होतं. आबा भिंतीकडं बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. पण मी गेले असते तर त्यांची भीती डॉक्टरांना सांगणार कोण? मीच मग मेंढ्याची गोष्ट सांगितली, टोकासकट. सांगून झाल्यावर माझेही कान गरम झाले होते. डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचं मी कधी विसरणार नाही. आबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आजोबा, कातर नाही, वस्तरा नाही. बाहेरून कुठंच कापायचं नाही. खडा फारच हट्टी निघाला, तर बेंबीखाली एक बारीक भोक पाडू. बस."

"आन् फुटला न्हाई तर?"

"फुटेल."

लघवीतला जंतुसंसर्ग आटोक्यात यायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी बाराला त्यांना आत नेलं. मी बाहेर बाकावर बसले. तासाभरात होईल म्हणाले होते, दीड तास झाला. दार उघडलं की मी उठायची, दुसऱ्याच कुणाचा पेशंट निघायचा, मी बसायची. शेवटी डॉक्टर आले. खडा फुटला होता, गाठ खरवडली होती, भोक पाडायची वेळ आली नव्हती. मी जिन्यात जाऊन मनसोक्त रडले आणि तोंड धुऊन वॉर्डात आले.

आबा उताणे पडले होते. बाजूच्या पिशवीत लालसर पाणी उतरत होतं. मी दिसताच बोट हलवून म्हणाले, "बाय, जवळ ये."

"दुखतंय?"

"न्हाई. कायबी न्हाई. सकाळपतूर वळवळत हुतं. आता समदं गप हाय." त्यांनी माझी बोटं घट्ट धरली. "गप झालं म्हंजे काय, तुला ठावं हाय न्हवं?"

म्हणजे एसटीत मी त्यांना कण्हायला लावलं ते का, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. तीन दिवस आम्ही बापलेक एकमेकांपासून तोच मेंढा लपवत होतो.

मी समजावलं. कंबरेत इंजेक्शन दिलंय, खालचं सगळं बधिर झालंय, थोड्या वेळानं उतरेल. चौथीच्या पोरांना समजावते तसं दोनदा सांगितलं. ते ऐकत होते, पण लहान पोराची समजूत घालताना मोठी माणसं मान हलवतात तशी मान हलवत होते. मग म्हणाले, "पांढऱ्या तोंडाची मेंढी व्यायला झालीया. पहिलारू हाय. तिच्याजवळ कुणाला तरी बसवा."

मी चिडले. "तुमीच बसा जाऊन. मी कुणाला सांगणार न्हाई."

पण खरं सांगायचं तर माझाच इंजेक्शनवरचा विश्वास डळमळू लागला होता. मी नर्सला तीनदा विचारलं. ती म्हणाली, तीन-चार तास लागतात. मी त्यांच्या पायाशी बसले आणि अंगठ्याला चिमटा काढला. "कळतंय?" "न्हाई." थोड्या वेळानं पुन्हा. "आता?" "न्हाई." शिकलेली बाई मी, आणि देवाकडं बापाचं दुखणं मागत बसले होते.

चारच्या सुमारास अंगठा हलला. मी डोळे पुसून पुन्हा बघितलं. पुन्हा हलला. मग आबांच्या कपाळावर आठी पडली.

"आई गं."

"काय झालं?"

"दुखतंय."

"कुठं? आबा, कुठं दुखतंय?"

"खाली. जळतंय गं. लय दुखतंय!" शेजारच्या खाटेवरचा माणूस वळून बघेल एवढ्या मोठ्यानं ते ओरडले. गालावरून पाणी ओघळत होतं आणि तोंडभर हसू होतं. मलाही रडू आवरेना.

आवाज ऐकून नर्स सुई घेऊन धावत आली. "आजोबा, फार दुखतंय ना? हे दिलं की लगेच थांबेल."

आबांनी हात वर केला.

"थांबा वो बाई," म्हणाले. "जरा दुखू द्या."