गिरणीतली काळी भिंत

नलूवहिनी गेल्याचं कळलं तेव्हा गिरणी चालू होती. त्यांचा मुलगा दारात उभा राहून काहीतरी सांगत होता आणि त्या धडधडाटात मला फक्त त्याचे हलणारे ओठ दिसत होते. मी बटण दाबलं, पट्टा फिरत फिरत थांबला, आणि मग ऐकलं... त्याला आता महिना होईल. बटणाकडे हात गेला की अजून तो क्षण आठवतो.

वहिनी इथे आल्या तेव्हा एकोणीसशे सत्तरचं दशक संपत आलं होतं. बोईसरला कारखान्यांची रोज नवी शेड उभी राहत होती. वहिनी सांगलीकडच्या, नवरा कारखान्यात, खोली माझ्या गिरणीमागे. दळणाच्या रांगेत बसायच्या आधी एकदा दारातच म्हणाल्या, "भाऊजी, कारखाने झाले, क्वार्टर्स झाल्या, पोरांना शाळा झाली. मोठ्यांनी शिकायचं कुठं?" मी म्हटलं, "मोठ्यांनी दळण घ्यावं आणि घरी जावं." पीठ दळत असलो तरी माझा स्वभाव मऊ नाही. दुसऱ्या दिवशी बाई काळ्या रंगाचा डबा घेऊन हजर! रांगेसमोरची भिंत रंगवूनच थांबल्या.

गिरणी चालू असली की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. मला वाटलं, आठवड्यात कंटाळतील. पण त्यांनी त्या आवाजालाच कामाला लावलं. तोंडानं काहीच शिकवायचं नाही; खडू, चित्र, हातवारे, आणि फारच घोटाळा झाला तर कपाळावर हात. कुणाची चूक कुणाला ऐकूच जात नसे, म्हणून केस पिकलेल्या बायकाही लाजेनाशा झाल्या. नियम एकच. आज जे आलं ते रांगेतल्या मागच्याला शिकवायचं, मगच आपला पिठाचा डबा उचलायचा.

घिवलीची मासेवाली हिराबाई म्हावरा विकायला बोईसरला यायची. तिला एसटीची पाटी वाचायची होती. एक 'म' काय आला, तिला धीर धरवेना. पालघरपलीकडच्या माहीमला बहिणीकडे निघाली, पालघरच्या स्टँडवर 'म' बघून चढली आणि उतरली ती मनोरला! परत येऊन तिनं वहिनींना दारातच गाठलं. "बाय, अर्धंच गाव शिकवलंस तू मला! बाकीचं आज शिकवतेस का नाय?" वहिनी पोट धरून हसल्या, आणि बाकीचं त्याच दिवशी शिकवलं.

मग शिंप्यानं आपली भिंत काळी करून घेतली, सायकलवाल्यानं घेतली. जिथे माणसाला थांबावं लागतं तिथे त्यानं काहीतरी शिकावं, एवढंच वहिनींचं म्हणणं. बघता बघता बाजारात थांबण्याच्या बहुतेक जागी काळ्या भिंती झाल्या. कारखान्यातली पाळी संपवून आलेले यूपीचे कामगार त्या भिंतींसमोर उकिडवे बसून मराठी गिरवायचे. माझ्यासारख्या चिडक्या माणसाचाही ऊर भरून यायचा. एवढं मोठं काम या एवढ्याशा बाईनं उभं केलं, हे मला अजून खरं वाटत नाही.

त्यांना घोर एकच. "मी नसले की हे बंद पडेल का हो?" मी म्हणायचो, "पडेल." खोटं कशाला बोलू?

पुढे घशाचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं, आवाज गेला. वहिनी परत आल्या आणि खडू उचलून कामाला लागल्या. महिनाभर गिरणीत कुणाला पत्ताच लागला नाही... तिथे त्या कधी बोलल्याच नव्हत्या ना! मी कोपऱ्यातून ते बघत राहायचो.

...त्या दिवशी पट्टा थांबला आणि बातमी साऱ्या रांगेनं ऐकली. बायका रडायला लागल्या. मी म्हटलं, "आज बंद. दळण उद्या न्या." कुणी उठेना. शेवटी हिराबाई डोळे पुसत भिंतीपाशी गेली.

"भाऊ, गिरणी चालू कर. आवाजाबिगर आमाला नाय शिकवता येत."

मी बटण दाबलं. तिनं वहिनींचा खडू उचलला आणि रांगेत मागे बसलेल्या कुणाच्या तरी नव्या सुनेकडे वळली. त्या धडधडाटात मी मोठमोठ्यानं रडलो. कुणालाही ऐकू गेलं नाही.