कोट गेटबाहेर जाणार नाय

आमच्या घरात अर्जापलीकडे कुणी काही लिहिलेले नाही. त्यामुळे मी एका माणसाविषयी लिहायला बसलो, हा आगाऊपणा वाटला तर माफ करावे. पण ड्रेसकाकांनी मला इतका वैताग दिला, की तो कुणाला तरी सांगायलाच हवा.

बोईसरच्या एमआयडीसीत, रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी कॉलेजच्या सुट्टीत काम करत होतो. तिथली कपड्यांची खोली काकांची. सकाळी निळा कोट द्यायचा, संध्याकाळी परत घ्यायचा, तिथल्याच मशीनमध्ये धुवायचा. बटण तुटलेले दिसले की मला रांगेबाहेर काढून सुईदोरा पुढे करत. "कॉलेजात ह्ये नाय शिकवत?" कामावर पोचायला उशीर झाला की बोलणी मी खायची.

मला कोट घालून आईसोबत एक फोटो हवा होता. एवढेच. आठ दिवस विनवण्या केल्या.

"काका, फक्त रविवारपुरता."

"कोट गेटबाहेर जाणार नाय."

"मी काय पळून जाणार आहे?"

"तू जा की. कोट ऱ्हाईल."

शेवटी शनिवारी तो डब्याच्या पिशवीत कोंबून सरावलीला घरी नेला. फोटो निघाला. पण मी बाहेर गेलो तेवढ्यात आईने कौतुकाने कोट घासून धुतला, तोही बहिणीच्या शाळेच्या शर्टासोबत. कोटात मुरलेल्या कारखान्याच्या रंगाने पांढरा शर्ट पिवळा झाला तो कायमचा.

सोमवारी काकांनी कोट नाकाला लावला. "ह्यो साबण आपला नाय. कुणी धुतला?"

"आईने." आता काम गेलेच, असे वाटले.

"हातानं?"

"हो."

"तिचे हात कसे हायेत?"

चोरी मी केलेली, आणि हा माणूस आईच्या हातांची चौकशी करतो. "बरे आहेत," म्हणून तणतणत निघालो. त्यांनी तक्रार केली नाही, पण सुट्टी संपेपर्यंत रोज सगळ्यांसमोर तेच, "आईचे हात?" बाकीचे मला त्याच नावाने हाक मारू लागले.

गेल्या आठवड्यात तिथल्या मित्राचा फोन आला. काकांची बायको वारली. तो घिवलीला त्यांच्या घरी जाऊन आला होता. काका आधीच्या कारखान्यात होते, तेव्हा काकू त्यांचे कोट घरीच धूत, वर्षानुवर्षे. कोटातल्या रंगाने तळहात फुटले ते कधी भरलेच नाहीत. मासळीला मीठ लावायचे तर त्या हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून घेत.

फोन ठेवून मी मोरीत गेलो. आई कपडे धूत होती. तिला म्हटले, हात दाखव.

"काय रे, भविष्य बघतोस?" म्हणत तिने साबणाचे हात पुढे केले.