आळणी पेज

स्टेला तेवीस वर्षं आरोंद्याच्या बाजूच्या उपकेंद्रात नर्स होती. जुलाब झालेल्या पोराला साखर-मिठाचं पाणी कसं द्यायचं, हे तिनं पंचक्रोशीतल्या एकूण एक आयांना शिकवलं होतं. तरी दर पावसाळ्यात कुणीतरी नुसतं साखरेचं पाणी पाजून मलूल पोर घेऊन यायचीच. मीठ घातलं तर पोर पीत नाही, असं सांगायची, आणि स्टेला कपाळाला हात लावून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. पण ती माणसं निदान ऐकून तरी घ्यायची. घरात मारियान होती.

मारियान तिची सासू. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेली, वय बहात्तर. कुठलीही गोष्ट अर्धवट करणं तिला माहीतच नव्हतं. फेब्रुवारीत तिचं बीपी वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आणि मीठ जरा कमी करा म्हणाले. मारियाननं त्याच दुपारी सुक्या बांगड्यांचा डबा आणि लोणच्याची बरणी शेजारच्या हौसाबाईला देऊन टाकली. दुसऱ्या दिवसापासून तिची पेज वेगळी शिजू लागली, मिठाचा कणही न घातलेली.

"कमी आणि बंद ह्येच्यात फरक आसा, माय," स्टेलानं सांगून पाहिलं.

"फरक आळशी माणसांका," मारियान म्हणाली.

त्यात रिचर्डनं, म्हणजे स्टेलाच्या नवऱ्यानं, पेडण्याहून कामावरून मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. उन्हाळ्यात दिवसाला पाच लिटर पाणी प्या, रक्त शुद्ध होतं, वगैरे. झालं. मारियाननं लिटरच्या पाच बाटल्या खिडकीत ओळीनं मांडल्या. भूक असो नसो, तहान असो नसो, संध्याकाळपर्यंत पाचही रिकाम्या व्हायच्या. स्टेलानं रिचर्डला फोनवर चांगलंच झापलं. पाणीच तर आहे, विष थोडंच आहे, असं म्हणून त्यानं विषय संपवला.

एप्रिल लागला तशी मारियानची तक्रार सुरू झाली. डोकं दुखतं, मळमळतं, पेज गिळवत नाही. आळणी पेज कुणालाच गिळवणार नाही, असं स्टेलाला वाटलं, आणि ते तिनं बोलूनही दाखवलं. लसीकरणाचं काम डोक्यावर होतं. रोज सकाळी निघताना ती सासूला चिमूटभर मीठ घाल म्हणून बजावायची, आणि संध्याकाळी बाटल्या रिकाम्या बघून चरफडायची.

तक्रारीच्या पाचव्या सकाळी मारियान मागच्या पडवीत उभी होती. समोर कोंबड्या दाणे टिपत होत्या आणि ती त्यांची हजेरी घेत होती. तीस वर्षांपूर्वीच्या मुलांची नावं, एकेक थांबून. उत्तर येईना म्हणून ती रागावली. स्टेलानं हाक मारली तर मारियाननं तिला आपल्या मेलेल्या बहिणीचं नाव घेऊन ओ दिली. पाय लटपटत होते.

हौसाबाई धावत आली आणि काहीतरी लागीर झालंय, देवाला गाऱ्हाणं घालूया म्हणाली. रिचर्डचा फोनवर धीर सुटला. "वय झालां गो तिचां, विसरूक लागली," तो म्हणाला. तेवढ्यात हौसाबाईनं दोन शहाळी फोडून आणली, उष्माघात असेल तर म्हणून. स्टेलानं ती तिच्या हातातून काढून घेतली.

"एक घोटसुद्धा पाजू नको," ती म्हणाली.

मग ती मारियानच्या कपाटाशी गेली. गोळीचं पाकीट तिनं आज पहिल्यांदा नीट वाचलं. बीपीच्या औषधात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं होतं. साऱ्या गावाच्या गोळ्या तपासणारी ती, घरातलं पाकीट दोन महिने तिनं उलटूनही पाहिलं नव्हतं. तिनं पाकीट पर्समध्ये टाकलं आणि रिक्षा बोलावली.

सावंतवाडीच्या दवाखान्यात अक्षया नावाची तरुण डॉक्टर होती. रक्ताचा अहवाल हातात घेऊन ती म्हणाली, "सोडियम एकशे चौदा आहे. निदान एकशे पस्तीस हवं. मीठ पोटात गेलं नाही, जे होतं ते गोळीनं लघवीतून गेलं, आणि वरून पाच लिटर पाणी. रक्त पातळ झालं की पाणी पेशींत शिरतं. मेंदू फुगतो, आणि कवटीत त्याला जागा नसते."

गोळी बंद झाली. मिठाचं तीव्र सलाईन थेंबाथेंबानं सुरू झालं, दर काही तासांनी रक्त तपासणं सुरू झालं. पाणी मोजून, दिवसाला पाऊण लिटर. तोवर पोचलेला रिचर्ड विचारत राहिला, मीठच कमी आहे तर एकदम का देत नाहीत. दिवसाला आठ अंकांच्या वर चढवलं तर मेंदूला कायमची इजा होते, हे स्टेलानं त्याला तीनदा समजावलं. चौथ्यांदा तिनं त्याला चहा आणायला पाठवलं.

तिसऱ्या दिवशी मारियाननं नर्सच्या फलकावरची शुद्धलेखनाची चूक काढली, आणि स्टेलानं सुस्कारा सोडला.

घरी आल्यावर सगळं सुरळीत होईल, ही आशा दोन रविवार टिकली. दुसऱ्या बुधवारी हौसाबाई डोकं धरून उपकेंद्रात आली. बीपी एकशे नव्वद. गोळी आठ दिवस बंद. कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर उत्तर आलं, "मारियानबायन. गोळयेन मीठ धुवान जाता म्हणाली."

मारियाननं चर्चच्या दारात आणि बाजारात मिळून सात बायकांना हा धडा दिला होता. स्टेला तशीच घरी गेली, सासूला स्कूटरवर मागे बसवलं आणि बीपीचं यंत्र तिच्या मांडीवर दिलं. घरोघरी मारियाननंच बोलायचं ठरलं. माझी गोळी मला सोसली नाही, तुमची वेगळी आहे, ती चालू ठेवा, शंका आली तर डॉक्टरांना विचारा. तिनं ते स्वच्छ, शाळेतल्या आवाजात सांगितलं. कुरकुर केली नाही.

चौथ्या घरातून बाहेर पडताना मात्र ती थांबली.

"साऱ्या गावाचे गोळये बघतंस," ती हळूच म्हणाली, "माझी बघूक नाय."

"चुकलां, माय," स्टेला म्हणाली.

मारियाननं मान डोलवली आणि मागच्या सीटवर चढून बसली. ऊन तापलं होतं, आणि अजून तीन घरं राहिली होती.