पाटीसकट फोटो

इंग्लंडमधल्या मावशीच्या खेड्यात, शेताच्या काटेरी झुडपांच्या कुंपणाशी, एक पांढरं फुलपाखरू रानफुलाच्या देठावर अंडं घालत होतं. मावशी दर वसंतात इथं फुलपाखरांचे फोटो काढते. यंदा कुंपणावर पाटी होती: इथं नवी घरं होणार.

मी भडकले. "मावशी, पत्रक काढू या! गावभर वाटू."

"काढ की बाई. पण आधी बाजूला हो, तुझी सावली पडतेय त्या मादीवर."

मी सरकले. ऊन पुन्हा त्या पंखांवर आलं. या अंड्यातलं फुलपाखरू पुढच्या वसंतात उडणार. तोवर त्याचा कोष याच झुडपांत राहणार. कुंपण मात्र त्याआधीच जाणार. एका देठावर एकच अंडं ठेवून ती मादी पुढचं फूल शोधत होती. ज्यांची घरं इथं आधीपासून आहेत त्यांना पाटी वाचता येत नाही, आणि त्यांच्या गप्प राहण्याला आपण संमती म्हणतो.

मावशी फोटोत तारा, खांब, पाट्या कधी येऊ देत नाही. आज तिनं कॅमेरा जरा उचलला आणि पाटीसकट फोटो घेतला.

"तुझ्या पत्रकाला लागेल," ती म्हणाली. फुलपाखरू उडून गेलं, तरी तिनं कॅमेरा डोळ्यांपुढून बराच वेळ काढला नाही.