शिकागोला किती तास लागतात

आमच्या आईचा एक नेम होता. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते मुक्कामाला पोचेपर्यंत ती केर काढायची नाही आणि जेवायचीही नाही. गावी फोन नव्हता, म्हणून पोचल्याची खात्री ती घड्याळाकडूनच करून घ्यायची. एसटी सकाळी पोचते ना, मग वर तासभर धरायचा, झाडू हातात घ्यायचा आणि पेजेला बसायचं. गाव एका रात्रीच्या अंतरावर होतं, तेव्हा हा नेम कुणाला जड गेला नाही.

मग दादा नोकरीसाठी शिकागोला निघाला. पहाटे त्याला सहारच्या विमानतळावर सोडून आम्ही घाटकोपरला परत आलो, आणि चपला काढायच्या आत आईने मला विचारलं, "कितके तास लागतत गो?"

मलाच विचारणार. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, मी तेव्हा अंधेरीच्या एका ट्रॅव्हल एजन्सीत होते. गिऱ्हाइकांना दिवसभर हेच तर सांगायचे. लंडनपर्यंत नऊ-साडेनऊ तास, तिथे विमान बदलायचं, मग पुन्हा जवळजवळ तेवढंच. मधलं ताटकळणं धरलं तर अख्खा दिवस. पण आईला डायबिटीस होता, आणि उपाशी राहायचं नाही असा डॉक्टरांनी दम भरला होता. शिवाय, खोटं कशाला बोलू, मलाही भूक लागली होती. ती कोरड्या तोंडाने बसलेली असताना तिच्यासमोर आमटीभात ओरपायची घरात कुणाची छाती नव्हती.

"नऊ तास," मी म्हणाले. लंडनचं नाव काढलं नाही.

दुपार कलली तसं तिने दोनदा विचारलं, "पोचलो असतलो मां?"

"उतरला गं. आता जेव."

तिने देवापुढे साखर ठेवली, घर झाडलं आणि जेवायला बसली. सोलकढी दोनदा मागून घेतली. शेजारणीला दारातूनच ओरडून सांगितलं, झील पोचला म्हणून. मी तिच्या पंगतीला बसून चांगली चापून जेवले, आणि आपण किती शहाण्या आहोत असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्यांकडे फोन आला. आईच बोलली. दादा म्हणाला असणार, आत्ता खोलीवर पोचतोय. कारण ती म्हणाली, "आत्ता? काल नाय?"

ती माझ्यावर ओरडली असती तर मी भांडले असते. तोंडाला तोंड द्यायला मी कमी नव्हते. पण घरी येऊन ती ओट्याला टेकून उभी राहिली. "तो वरच होतो," ती म्हणाली, "आणि मी हय पोटभर जेवलंय." चूक माझी होती आणि लाज तिला वाटत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन वर्षांनी दादा रजेवर आला आणि परत निघाला. या वेळी आईने मला काहीच विचारलं नाही. मीच होऊन खरं ते सगळं सांगितलं. लंडन, तिथलं थांबणं, पुढचं विमान, सगळं. आणि म्हटलं, "थोडी पेज तरी घे. पोचायला उद्या पहाट होईल."

तिने माझ्या गालावरून हात फिरवला. "ऱ्हवांदे गो," ती म्हणाली. "तू माका बरा वाटूचा म्हणून सांगतंस."

फोन येईपर्यंत ती जेवली नाही.